सृष्टीची तिसरी ओळ

“पहिली माझी ओवी गं चुलीतल्या विस्तवाला,
दुसरी माझी ओवी गं दारीच्या पावलाला…”

जात्याच्या घरघरीतून येणारा आईचा, वच्छलाबाईंचा, हा आवाज प्रभाबाईंनी लहानपणी अंथरुणात पडल्या पडल्या ऐकलेला. ओवी कुणाला तरी वाहायची, मोकळी सोडायची नाही, असा त्या दळणाचा रिवाज. तोच त्यांनी सोलापुरातल्या आपल्या शाळेत आणला. सातवीच्या इंग्रजीच्या पहिल्या तासाला पुस्तक बंद. प्रत्येकानं उठून इंग्रजीत तीन ओळी बोलायच्या आणि एकेक ओळ कुणाला तरी वाहायची.

यंदा हा तास घ्यावा की नाही, हे त्यांचं सकाळपर्यंत ठरत नव्हतं. या वर्गात त्यांचा मुलगा अथर्वही बसला असता. दिवाळीनंतर तो तापात गेला. त्याच्याच बरोबरीची ही मुलं. हेडसरांनी त्यांना बजावून ठेवलेलं, बाईंसमोर त्याचं नाव काढायचं नाही.

जोतिराम उठला. “माय फर्स्ट लाइन इज फॉर माय बफेलो. सेकंड लाइन फॉर माय मदर.”

“आधी म्हैस, मग आई व्हय रे?” मागच्या बाकावरून कुणीतरी.

“आईच म्हनती की, म्हैस हाय म्हनून आपन हाय.”

वर्ग हसला. बाईही हसल्या, आणि आपल्याला हसू आलं याचंच त्यांना वाईट वाटलं.

मग सृष्टी. बाईंच्याच गल्लीतली, रोज अथर्वबरोबर सायकलवर येणारी. तिनं पहिली ओळ आजीला वाहिली, दुसरी सायकलला. तिसरीला अडली. नखानं बाकाची कड खरवडत राहिली.

“थर्ड लाइन?”

“न्हाय बाई. हेडसर रागावतील.”



“बोल. त्यांना मी सांगेन.”

“थर्ड लाइन इज फॉर माय फ्रेंड.” तिचा आवाज बारीक झाला. “आय केम टू हिज हाऊस. विथ नोटबुक. ही वॉज स्लीपिंग.” पुढचं इंग्रजी तिला सापडेना. “बाई, तो माझ्यावर रुसला हुता का? आमचं भांडण झालतं शाळेत. म्हणून झोपेचं सोंग केलं का त्यानं?”

बाईंनी हातातला खडू खाली ठेवला. त्या दिवशी दार अर्धवट उघडून, ‘झोपलाय तो, नंतर ये,’ एवढंच त्या म्हणाल्या होत्या. त्यानंतर यायला दिवसच उरला नाही. आणि ही पोर सात महिने तेवढंच पोटात घेऊन फिरत होती.

त्या खाली उतरल्या. सृष्टीला सरकायला सांगून तिच्या बाकावर बसल्या.

“अथर्व जागा होता, बाळा. तुझा आवाज ओळखला त्यानं. ‘सृष्टीला आत घे’ म्हणत होता. त्याची ती दशा तू बघू नयेस असं मला वाटलं, म्हणून मी खोटं बोलले. तुला दारातनं मी परत पाठवलं. तो तुझी वाट बघत होता.”