न्यूट्रलला टाकलेली मोटर

होडी धक्क्यावर आपटली तेव्हा मी घरी होते. सकाळचा जप चालला होता. माळ पुरी झाल्याशिवाय मी उठत नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक, म्हणून सासरे दारातूनच म्हणाले, "चालू दे तुझं, सूनबाई. कुणी बुडालं नाही." एवढं बोलून ते तिथंच उंबऱ्यावर बसले. उरलेले मणी मी कसे ओढले ते त्या देवालाच माहीत.

आमचा धंदा माणसांना पाण्यापलीकडे सोडण्याचा. होडी लहान, तिच्या मागे अडकवलेली मोटरही लहान. पूर्वी सासरे वल्ही मारून हेच करायचे. धक्क्यावर त्यांना अजून सगळे कप्तानच म्हणतात, घरात आम्ही बाबा म्हणतो. आता होडी माझे यजमान चालवतात. धक्का जवळ आला की मोटरीच्या कडेचा दांडा पुढच्या गिअरमधून मधे, न्यूट्रलला ओढायचा. पाण्यातला पंखा इंजिनापासून सुटतो आणि होडी राहिलेल्या वेगावर अलगद जाऊन टेकते. वर्षानुवर्षं ह्यांनी ती अशीच टेकवली. त्या सकाळी मात्र होडी थांबलीच नाही. खांबावर धडकली, पुढची फळी फुटली आणि पलीकडून येणाऱ्या शाळेच्या बाई गुडघ्यांवर पडल्या. त्यांना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही.

पण ह्यांना झालं. दोन वर्षांपूर्वी ह्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. चमचा धरण्यापासून सगळं पुन्हा शिकावं लागलं. हात परत आला, होडी परत सुरू झाली, पण असं पुन्हा होऊ शकतं हे डॉक्टरांनी सांगून ठेवलेलं. आणि दांडा ओढायचा तो त्याच हातानं.

"मी ओढला असं मला वाटलं," हे मला त्या दिवशी म्हणाले. "पण ओढला नसणार. हातानं ऐकलं नसेल, आणि मला कळलंही नसेल."

बाबांनी धक्क्यावरच दांडा मागेपुढे करून बघितला होता. दांडा छान हलत होता. मग दोष उरला कुणाचा? बाबा फटकळ माणूस. "मोटर चांगली आहे," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "चालवणारा बघा." त्यानंतर घरात कुणी मोठ्यानं बोलेना. हे होडीकडे फिरकले नाहीत. जेवताना डाव्या हातानं जेवायला लागले, कुणी सांगितलं नसताना. मी समोर बसून तो मांडीवर पडलेला उजवा हात बघायची आणि घास गिळायची.

शेवटी बाबांनीच ठरवलं, मोटर विकायची. धक्क्यावर बर्फ पोचवणारा बर्फवाला आहे, त्याच्या होडीला अशीच मोटर आहे. सुट्या भागांसाठी का होईना, तो घेईल म्हणाला. दुपारी बघायला येणार होता.

"सूनबाई, जरा पुसूनबिसून ठेव," बाबा म्हणाले. "चिखलासकट दाखवली तर तो नाक मुरडायचा."

मोटर मागच्या अंगणात लाकडी घोडीवर अडकवून ठेवली होती. मी बादली, चिंधी आणि दात घासायचा जुना ब्रश घेऊन बसले. हे पायरीवर बसले होते, पाठ अर्धवट माझ्याकडे करून. बघायचंही नाही आणि जायचंही नाही, असं चाललं होतं.

पंख्याच्या पात्यांना शेवाळ धरलं होतं. एक पातं घासून झालं, दुसरं वर आणावं म्हणून मी पंखा फिरवला. तो हलेना.

"थांब थांब," हे एकदम वळले. "आधी प्लगची वायर काढ. चुकून इंजिन सुरू झालं तर बोटं जातील."

कुठली वायर ते त्यांनी बसल्या जागेवरून दाखवलं, मी झाकण उचलून ती काढली. पुन्हा फिरवून बघितलं. एका बाजूला पंखा टकटक करत फिरे, दुसऱ्या बाजूला अडे.

"गिअरमध्ये आहे," हे म्हणाले. "न्यूट्रलला टाक, मग मोकळा फिरेल."

"न्यूट्रललाच आहे."

"नाही. टकटक वाजतंय म्हणजे पुढच्या गिअरला आहे."

"अहो, दांडा मधे आहे."

"नीट बघ."

"आता मधलं मला कळत नाही का? पुढे नाही, मागे नाही, त्याला मधेच म्हणतात ना?"

ते उठले. जवळ आले, पण हात पाठीमागेच धरून, काचेच्या दुकानात शिरल्यासारखे. दांड्याकडे बघितलं, पंख्याकडे बघितलं.

"दांडा पुढे टाक," ते हळूच म्हणाले. मी टाकला. "आता मधे आण." मी आणला. "फिरव."

टक, टक, टक. उलट फिरवला तर अडला.

"परत कर."

परत तेच. मी दोन्ही हातांनी, सगळा जोर लावून दांडा मधे आणला होता, आणि माझ्या हातांना आजवर काहीही झालेलं नाही. हे आम्हा दोघांनाही एकाच वेळी उमगलं असावं, कारण आम्ही एकदमच एकमेकांकडे बघितलं. मग त्यांनी पाठीमागचा हात पुढे आणला, दांडा धरला आणि स्वतः करून बघितलं. त्यांच्याही हातात पंखा तसाच अडला. पंखा अडल्यावर एवढा आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

"पाना आण," ते म्हणाले. "दहा नंबरचा. आणि पक्कड. आणि तो टॉर्च."

झाकण पुरतं निघालं. दांड्याचा आस आत शिरतो तिथं एक छोटा लोखंडी हात असतो, तो हात एका पिनेनं खाली जाणाऱ्या सळीला जोडलेला असतो, आणि सळी खाली जाऊन गिअर बदलते. मी टॉर्च धरला, ते वाकून बघत होते. पिन तिरकी होऊन अर्धी बाहेर आली होती. तिच्याभोवतीचं प्लास्टिकचं कडं, म्हणजे बुश, चिरलं होतं. त्यामुळे दांडा मधे यायचा, पण सळी जागची हलायची नाही. आणि पिन निसटू नये म्हणून जिथं कॉटर पिन हवी, तिथं तार गुंडाळली होती, झिजून केसाएवढी बारीक झालेली.

"बाबा," ह्यांनी हाक मारली.

बाबा घरातून आले. "हे काय? गिऱ्हाईक यायची वेळ झाली आणि तुम्ही उघडून बसलात?"

"ही तार कुणी घातली?"

बाबांनी चष्मा कपाळावर चढवला, वाकले, बघितलं. "तांब्याची आहे," ते म्हणाले.

"ते दिसतंय. घातली कुणी?"

"तू दवाखान्यात होतास. ग्रीस भरताना कॉटर पिन पाण्यात पडली. होडी बंद ठेवायची होती का मग?"

"नंतर सांगायचं तरी."

"तुला धड चमचा धरता येत नव्हता. तुला पिनांच्या गोष्टी काय सांगू?" बाबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. "तार चांगली होती. दोन वर्षं टिकली."

ह्यांना हसू फुटलं. मला वाटलं होतं रागावतील, आणि तसा त्यांना हक्क होता. पण ते घोडीला धरून हसत राहिले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "बाबा, हात चांगला आहे माझा," ते म्हणाले. "दांडा मी ओढला होता."

बाबांनी चष्मा काढला. वळून नळावर गेले आणि पाणी सोडून कितीतरी वेळ तोंड धूत राहिले. मी टॉवेल नेऊन दिला. मोटर विकायची घाई त्यांना का झाली होती हे मला तेव्हा कळलं. लेकाला पुन्हा पाण्यावर पाठवायची त्यांना भीती वाटत होती.

तेवढ्यात बर्फवाला आला. "विकायला काढलीय की फाडायला घेतलीय?" त्यानं विचारलं.

"विकायची नाही आता," हे म्हणाले. "तुझ्या हत्यारांच्या पेटीत हे बुश असेल का? आणि एक कॉटर पिन?"

"म्हणजे मी मोटर घ्यायला आलो आणि वर माझंच सामान देऊन जाऊ?"

"चहा घेऊन जा," मी म्हटलं.

"वहिनी, चहा दोन कप लागेल याला," म्हणत तो पेटी आणायला गेला.

बुश बसवलं, पिन सरळ केली, कॉटर पिन घालून तिचे पाय पकडीनं फाकवले. ते काम ह्यांनी उजव्या हातानं केलं, सावकाश. मग दांडा मधे आणला आणि मला म्हणाले, "फिरव." मी बोटानं ढकलला आणि पंखा नुसता गरगरत राहिला, दोन्हीकडे, आवाज न करता.

फुटलेली फळी बाबांनी नवी ठोकली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, माझा जप झाल्यावर, आम्ही तिघं होडीत बसलो. बाबा मधे, मी पुढे दोर घेऊन. वेळ आली तर मलाच पाय लावून होडी थोपवायची होती. पलीकडचा धक्का जवळ येऊ लागला. ह्यांनी दांडा ओढला. मोटरीचा आवाज हलका झाला, पाणी मागे शांत झालं, आणि होडी खांबाला नुसती टेकली. मला दोर टाकायला वाकावंही लागलं नाही.

शाळेच्या बाई धक्क्यावर उभ्याच होत्या, गुडघ्याला पट्टी लावून. त्या चढायला पुढे झाल्या, पण ह्यांनी दांडा मागच्या गिअरला टाकला, होडी मागे घेतली आणि पुन्हा आणून टेकवली. मग पुन्हा मागे घेतली.

"अहो, मला घेताय की नाही?" बाईंनी विचारलं. "शाळा भरायची वेळ झाली."

"घेतो, बाई, घेतो."

"पुरे झालं रे," बाबा म्हणाले. "बाई खोळंबल्यात. पेट्रोल काय पाण्यातून येतं का?"

होडी धक्क्याला लागून हलत होती. बाबांनी खांबाकडे बघितलं, मग लेकाच्या हाताकडे.

"बाई, एवढं एक मिनिट," ते म्हणाले. "घे रे, आणखी एकदा घे."