नावाने हाक मारायची नाही

मी भित्री बाई आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला उगाच शूर ठरवणार नाही. सिंदेवाहीच्या शाळेत मी भूगोल शिकवते. जंगल म्हणजे नकाशावर हिरव्या खडूने रंगवायचा भाग, एवढ्यावर माझं भागायला हवं होतं. पण कॅमेऱ्याचं खूळ डोक्यात शिरलं आणि मी स्वतःच्या पायांनी त्या हिरव्या भागात जाऊन बसायला लागले. लोकांना वाटतं, जंगलात फोटो काढणारे वाघाला घाबरत नाहीत. मी वाघाचे फोटो काढत नाही, आणि घाबरते.

ठरवलं होतं असं, की एकाच जागेवरून वर्षभराचे ऋतू टिपायचे. जागा निवडली ती जंगलाला चिकटलेल्या एका गावाच्या बोडीची. बोडी म्हणजे पावसाचं पाणी अडवून केलेला छोटा तलाव. मी अलीकडच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, कॅमेऱ्याची तिपाई रोवायची. समोर पाणी, पाण्यापलीकडे मोहाचं एकच मोठं झाड, त्याच्या मागे रान आणि वर आभाळ. श्रावणात बोडी काठोकाठ भरली, ढगांसकट सगळं आभाळ पाण्यात उतरलं. थंडीत धुक्यातून अडई बदकांचे थवे शिट्या मारत उतरले. मग पळस फुलला आणि मागचं रान पेटल्यासारखं लाल झालं. फोटो चांगले आले. पण प्रत्येक वेळी मी ऐनाच्या बुंध्याला पाठ टेकून बसत होते, आणि स्कूटीचं तोंड गावाकडे वळवून किल्ली तशीच लावून ठेवत होते. मागे पाचोळा वाजला की मी दचकून उठायची. बहुतेक वेळा सरडा असायचा. सरड्यालाही मी मनापासून शिव्या दिल्या आहेत.

"घरच्या बागेतले फोटो काढ ना," माझा नवरा कुलदीप म्हणायचा. घरी बाग नाही, दोन कुंड्या आहेत.

ते मोहाचं झाड सोमारीबाईचं. सरकारदरबारी नसेल, पण गावात कुणाचं झाड कोणतं हे ठरलेलं असतं. हे तिच्या सासऱ्याच्या वेळेपासून त्यांच्या घरचं, त्यामुळे त्याची फुलं तिनेच वेचायची. पन्नाशीची, काटक, जिभेला धार असलेली बाई. मला ती "फोटोवाल्या बाई" म्हणायची आणि माझ्या भित्रेपणावर मनसोक्त हसायची.

थंडीतल्या एका सकाळी ती पलीकडे काटक्या गोळा करताना दिसली. मी पाळीवरून हाक मारली, "सोमारीबाई!" तिने वर पाहिलं नाही. उलट मान खाली घालून जागच्या जागी बसून राहिली. पुन्हा हाक मारली, तरी तेच. मला वाटलं, रागावली. थोड्या वेळाने वळसा घालून माझ्याजवळ आली ती खरंच रागावलेली.

"बाई, जंगलात नाव घेऊन बलावाचं नाई."

"काऊन?"

"नावानं हाक आली का आमी मान खाली घालतो अन् चूप राह्यतो. कोन बलावून राह्यलं, काय माहीत? आपलं मानूस कू करते." तिने तोंडाशी हात धरून लांब 'कूऽऽऽ' केलं. लगेच रानातून कुठूनतरी तिच्या सुनेचं, दीपिकाचं, 'कूऽऽऽ' आलं.

"अन् मी चुकून नावानं बलावलं तं?"

"मंग मी समजीन, ह्या तुमी नाई."

मला हसू आलं. आमचं घर बौद्ध. भुताखेतांची भीती बाबांनी आम्हा भावंडांच्या मनातून लहानपणीच काढून टाकली होती. वाघाची काढायची मात्र राहून गेली. सोमारीबाईला मी म्हटलं, मला असलं काही पटत नाही. ती म्हणाली, पटवून कोन घेऊन राह्यलं, फक्त बलावू नोका. कू करून पाहायचा तिने आग्रह केला, पण मला लाज वाटली. भूगोलाची मास्तरीण रानात कोकिळेसारखी ओरडते आहे, हे एखाद्या विद्यार्थ्याने ऐकलं असतं तर वर्गात उभं राहायची सोय राहिली नसती.

शेवटी चैत्राचा एकच फोटो उरला. मोह फुलांवर आला होता. पहाटे फुलं टपटप गळतात आणि ऊन चढायच्या आत ती वेचावी लागतात. झाड, खाली पिवळसर फुलांचा सडा आणि त्यात वेचणारी सोमारीबाई, एवढं मिळालं की माझं वर्ष पुरं होणार होतं. त्यानंतर या पाळीवर पाय ठेवायचा नाही, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. कारण त्याच आठवड्यात बाजूच्या गावातला एक माणूस मोह वेचायला गेला आणि परत आला नव्हता. खाली वाकून वेचणारं माणूस 'त्याला' मागून जनावरासारखं दिसतं, असं सगळे म्हणत होते. 'तो' कोण, हे आमच्याकडे कुणी विचारत नाही.

त्या सकाळी मी पोचले तेव्हा उजाडलं होतं. बोडी आटून मधोमध चिखल आणि थोडं पाणी उरलं होतं, पलीकडच्या काठाला बेशरमाची दाट झुडपं माजली होती. दीपिका भरलेली टोपली डोक्यावर घेऊन गावाकडे निघाली होती. माझ्याकडे पाहून हसली आणि "येतोच परत" म्हणून गेली. झाडाखाली सोमारीबाई एकटीच वेचत होती. मी फोटो काढला. चांगला आला, लगेच कळलं. आता सामान आवरायचं आणि सुटायचं.

तेवढ्यात पलीकडे वानर खाकरलं. एकदा, मग पुन्हापुन्हा, घसा फाटल्यासारखं. वानर उगाच असं ओरडत नाही, हे इथलं लहान पोरही सांगेल. मी कॅमेऱ्याचं भिंग झाडावरून बाजूला सरकवलं आणि बेशरमाच्या पानांवर नेलं.

पानांत दोन कान होते.

मग कानांखालचं कपाळ दिसलं, मग डोळे. ते माझ्याकडे पाहत नव्हते. ते सोमारीबाईच्या वाकलेल्या पाठीकडे पाहत होते. भिंगात ते इतके जवळ दिसले की मी स्वतःच मागे सरले. खरं सांगते, पहिला विचार स्कूटीचा आला.

"सोमारीबाई!" मी जीव खाऊन ओरडले. "सोमारीबाई, उठा!"

तिने मान खाली घातली. वेचायची थांबली आणि अंग चोरून आणखी खाली बसली.

मी पुन्हा तिचं नाव घेतलं. ती जमिनीला टेकल्यासारखी झाली. झुडपातलं डोकं थोडं पुढे आलं आणि पुढचा एक पंजा हळूच चिखलात पडला. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, की मी हाक मारते आहे तसतशी मीच तिला वाकवते आहे. तिच्या लेखी ही मी नव्हतेच.

मी तोंडाशी हात धरले. आवाज निघाला नाही. नुसती हवा बाहेर आली. पुन्हा केलं, पुन्हा हवा. मग माझं काय झालं ते मला सांगता येत नाही, पण मी पाळीवरून खाली उतरले आणि सरळ बोडीत शिरले. तिच्याकडे म्हणजे त्याच्याकडेच. गुडघ्यापर्यंत चिखल, एक चप्पल त्यात राहिली. मी रडत होते, आणि रडता रडताच कुठून तरी तो आवाज फुटला, "कूऽऽऽ!"

बेसूर, चिरका आवाज. पण सोमारीबाई ताडकन उभी राहिली. पाठ सरळ, मान वर. आधी सवयीने तिने उलट 'कूऽऽऽ' दिलं आणि मग मला चिखलात पाहिलं. मी नुसता हात केला, तिच्या मागे.

ती वळली. पळाली नाही. टोपली उचलून दोन्ही हातांनी डोक्यावर धरली आणि गोंडीत मोठमोठ्याने काहीतरी बोलत, त्याच्याकडे तोंड करून एकेक पाऊल मागे यायला लागली. टोपलीतली फुलं तिच्या अंगावर सांडत होती. तो आता झुडपाबाहेर उभा होता, अख्खा. आता मी त्याला कॅमेऱ्याशिवाय पाहत होते आणि माझ्याने बघवत नव्हतं. मी ओरडतच राहिले, तेच, कू, कू, कू. तो आम्हा दोघींकडे बराच वेळ पाहत राहिला. मग वळला आणि रानात गेला. त्याला काही घाई नव्हती.

सोमारीबाई माझ्यापर्यंत आली आणि तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की वळ उठले. वर्षभर मला हसणारी ही बाई माझ्या खांद्यावर डोकं टेकून लहान मुलीसारखी रडली. मीही रडले. पाळीवरून दीपिकाचं 'कूऽऽऽ' आलं तेव्हा आम्ही दोघींनी एकदमच उत्तर दिलं.

पाळीवर बसून पाणी प्यायल्यावर सोमारीबाईने पदराने तोंड पुसलं. पलीकडच्या झाडाखाली फुलं तशीच पडली होती. ती त्यांच्याकडे पाहत होती.

"उद्या येता का, बाई?"

"उद्या?" मी जवळजवळ ओरडलेच. "उद्या तुमी जाऊन राह्यल्या का तिथं?"

"जा तं लागते."

"दुसऱ्या बायायले सोबत घ्या ना."

"त्यायचेबी झाडं हायेत. फुलं का एकामागून एक पडते? सगळ्यायचे एकाच टायमाले पडून राह्यले." तिने सुनेकडे पाहिलं. "दीपिकाले मी आता आनत नाई. तुमच्या त्या भिंगातून दूरचं दिसते. तुमी इथून पाहा, मी वेचते. दिसला तं कू करा."

दीपिका काहीतरी बोलायला गेली, सासूने तिला हाताने गप्प केलं. मला म्हणायचं होतं, माझं काम झालं, माझा फोटो मिळाला, मला दोन लेकरं आहेत. मला प्रचंड राग आला होता. तिचा नाही, त्या झाडाचा, त्या फुलांचा, सकाळी सकाळीच गळायच्या त्यांच्या खोडीचा. ती तिथेच जाणार होती, मी आले तरी आणि नाही आले तरी.

घरी कुलदीपला सगळं सांगितलं. रात्री मी संगणकावर चैत्राचा तो फोटो पाहिला. मोह, सडा, आणि त्यात वाकलेली सोमारीबाई. डाव्या कोपऱ्यात बेशरम. मोठं करून पाहायची माझी छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी मी गेले. वाटेत दोनदा स्कूटी थांबवली. पाळीवर तिपाई रोवली, पण ऐनाला पाठ टेकून बसता येईना, कारण तिथून झाडाची एक बाजू दिसत नव्हती. म्हणून उघड्यावर उभी राहिले. ऊन चढेपर्यंत भिंग झुडपांवरून फिरवत राहिले, डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडे. मधूनमधून सोमारीबाई खालून कू करायची आणि मी उत्तर द्यायची. टोपली भरली, ती डोक्यावर घेऊन ती गावाकडे वळली, तेव्हा कुठे मी खाली बसले.

घरी आल्यावर कुलदीपने विचारलं, "आज काय भेटलं?"

मी कॅमेरा उघडला. कार्ड आदल्या रात्रीपासून संगणकातच राहिलं होतं. सकाळभर मी एकदाही बटण दाबलं नव्हतं, त्यामुळे कळलंच नव्हतं.

"काई नाई," मी म्हटलं. "सगळे घरी आले."