अमावास्या उतरेपर्यंत

बी.एड.चे प्रवेश त्या वर्षीपासून इंटरनेटवर गेले, तेव्हा यशश्रीला आधी हायसंच वाटलं. कडेवर पोर घेऊन रांगेत उभं राहायला नको, कारकुनाची मनधरणी नको. पंचवटी कारंजावरच्या ललितच्या सायबर कॅफेत बसायचं, हव्या त्या कॉलेजांचा क्रम लावायचा आणि शेवटी 'कन्फर्म'चं बटण दाबायचं.

सोमवारी तिने क्रम लावलाही. पहिलं नाव घरापासून चालत जाता येईल अशा कॉलेजचं. मधल्या सुट्टीत घरी येऊन सृष्टीला पाजता आलं असतं. पोर अजून वर्षाचीही नव्हती. मार्क चांगले होते, ती जागा मिळणार यात ललितलाही शंका नव्हती. मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत. पुन्हा एकदा नीट बघून घेऊ म्हणून तिने बटण तेवढं राहू दिलं. मग सृष्टीला ताप आला आणि मधले दिवस पोरीच्या उशाशीच गेले.

शुक्रवारी सकाळी ताप उतरला. पर्स खांद्याला लावता लावता तिची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर गेली. अमावास्या, दुपारी साडेतीनपर्यंत.

कॉलेजात असताना असल्या गोष्टींवरून ती मैत्रिणींशी हिरिरीने भांडायची. पण गेल्या वर्षीचा कागदी अर्ज तिने अमावास्येलाच दिला होता, आणि ऐन मुलाखतीच्या सकाळी कळा सुरू होऊन प्रवेश हुकला होता. त्या दोन गोष्टींची गाठ तिच्या मनात बसली ती बसलीच. कुणाला बोलून दाखवायची सोय नव्हती. देवव्रत, तिचा नवरा, सातपूरच्या कंपनीत हिशेबाचं काम करायचा. तो हसला असता. सासरे गोविंदगुरुजी रामकुंडावर पौरोहित्य करायचे. त्यांना विचारता आलं असतं, पण शिकलेल्या सुनेने असलं काही विचारायचं, याचीच लाज वाटली. शिवाय साडेतीननंतर दीड तास उरतोच की. एक बटण दाबायला वेळ तो किती लागतो?

तिने पर्स परत खुंटीला लावली. मग सुरू झालं खिडकीशी जाणं, घड्याळ बघणं, झोपलेल्या पोरीचं कपाळ चाचपणं, पुन्हा खिडकी. सासूबाई, सुधाताई, मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांना ते बघवेना.

"अगं, काम आहे तर जाऊन ये. येरझाऱ्या घालून फरशी झिजवशील."

"वीज नाहीये तिकडे," यशश्री म्हणाली.

डोक्यावर पंखा गरगरत होता. सुधाताईंनी एकवार पंख्याकडे पाहिलं आणि त्या मान खाली घालून मेथी निवडायला लागल्या.

साडेतीनचा ठोका पडला तशी ती जवळजवळ धावतच निघाली. कॅफेत पाय ठेवायला जागा नव्हती. एकेका खुर्चीवर दोघं दोघं, त्यांच्या मागे आणखी चौघं. अख्ख्या महाराष्ट्राने बटण शेवटच्या दिवसासाठीच राखून ठेवलेलं दिसत होतं.

"सकाळी यायचं ना, ताई," ललित म्हणाला. "सकाळी माशा मारत बसलो होतो मी."

तिला जागा मिळाली तेव्हा साडेचार होत आले होते. पासवर्ड टाकला. पडदा पांढराफटक. तळाशी निळी पट्टी सरकत अर्ध्यावर आली आणि थबकली. पुन्हा टाकला, पुन्हा पांढरं. तिसऱ्यांदाही तेच. पोरीचा ताप परत चढला की काय, हेही त्यातच मनात आलं. तिने घरी फोन लावला. फोन गुरुजींनी उचलला. मागे सृष्टी रडत होती. ताप नाही, भूक लागलीय, ते म्हणाले, आणि मग काम झालं का म्हणून विचारलं. सकाळपासून दाबून धरलेलं सगळं, अमावास्येचंही, तिच्या तोंडून बाहेर पडलं.



"अगं, मुहूर्त आरंभाला बघतात," गुरुजी म्हणाले. "तू आरंभ केलास सोमवारी. आता मध्येच कसली अमावास्या? मी सकाळभर यजमानांचं तर्पण करून आलो ते आजच ना? विचारायचंस तरी मला."

ते रागावले असते तर बरं झालं असतं.

पान उघडलं ते पाच वाजून गेल्यावर. त्यावर एकच ओळ होती: मुदत संपली आहे. ललितने दुसऱ्या मशीनवर करून पाहिलं, तिथेही तीच ओळ. उरलेल्या जागांसाठी दुसरी फेरी असते, एवढं त्याने सांगितलं.

दुसऱ्या फेरीत नाशिकातलं एकही कॉलेज उरलं नव्हतं. त्यातल्या त्यात जवळचं नांदगावचं, तेही रेल्वेने दोन तासांवर. ते तिने भरलं आणि खुर्चीवरून न उठता बटण दाबलं. पुढच्याच आठवड्यात जागा तिच्या नावावर लागली.

रात्री जेवताना तिने ते सांगितलं. एवढ्या लांब कशाला, पुढच्या वर्षी नीट भर की, असं देवव्रत म्हणाला. पुढच्या वर्षी हे दोन शब्द तिने गेल्या वर्षीही ऐकले होते. सुधाताई सृष्टीला मऊ भात भरवत होत्या.

"गाडी कधीची असते?" त्यांनी विचारलं.

"पहाटेची. ही उठायच्या आत निघावं लागेल. यायला संध्याकाळ."

सुधाताईंनी पोरीच्या ओठावरचं शीत पुसलं. "मग आता मीच भरवत जाईन. तू समोर बसू नकोस, तू दिसलीस की खात नाही."

यशश्री ताट घेऊन उठली. सृष्टीने लगेच तिच्याकडे दोन्ही हात पसरले. खरकटा हात तसाच धरून ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. पोरीकडे जावं की आत, तिला ठरवता येईना.