पाठीवरचे हुक

रोह्याच्या बाजारपेठेत आपल्या हाताला तोड नाही, हे नूरबानो स्वतःच सांगे, आणि गंमत अशी की ते खोडून काढायला आजवर कुणी पुढे आलं नव्हतं. अठ्ठावन्न वर्षांची ही बाई डावखुरी. तिचे हातशिलाईचे टाके उलट्या बाजूला कलायचे, आणि गावातल्या बायका ब्लाउजची कड उलटवून ‘हा बानोखालांचा’ असं छातीठोकपणे सांगायच्या. त्यामुळे कुंडलिका नदीपलीकडच्या बंगल्यात एकोणीसशे बासष्टच्या काळातल्या एका मालिकेचं चित्रीकरण सुरू झालं, आणि नायिकेचे कपडे सांभाळणारी मुंबईची ऋतुजा शिवणारं कुणी शोधत गावात आली, तेव्हा लोकांनी तिला दुसरं दुकान दाखवलंच नाही.

ऋतुजाने जुने फोटो टेबलावर पसरले. अंगासरशी बसणारे ब्लाउज, बोट नेक म्हणतात तसे खांद्यापासून खांद्यापर्यंत सरळ गेलेले गळे, कोपराशी थांबणाऱ्या बाह्या, एखादा धीट बिनबाह्यांचा, आणि त्यावर नायलॉनच्या नि वायलच्या साड्या अशा चापूनचोपून नेसलेल्या की या बायका श्वास कधी घेत असतील, असा प्रश्न पडावा.

“माझी अम्मी अशीच निघायची ईदला,” नूरबानो म्हणाली. “जमेल गो. न जमायला काय झालंय?”

“फक्त हुक सगळे पाठीवर हवेत, खाला. कॅमेरा मागून येतो. एक जरी ब्लाउज चुकला तरी काम परत मुंबईला जाईल.”

“आणि नाय चुकला तर?”

“तर मालिकेच्या शेवटी तुमचं नाव येईल.”

चाळीस वर्षं दुसऱ्यांची अंगं सजवूनही नूरबानोचं नाव दुकानाच्या पाटीवरसुद्धा नव्हतं. तिथे अजून मरहूम नवऱ्याचंच होतं. तिला मालिकेतलं ते नाव हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं, आणि तिने ते लपवलंही नाही.

पहिले चार ब्लाउज झकास झाले. संध्याकाळी सातला ती आणि तिची सून सुमय्या टीव्हीसमोर बसत, नायिका जिना उतरत येई, आणि नूरबानो गोष्ट सोडून बाहीचा मुंढा कसा बसलाय तेवढंच बघत राही. शेवटी ‘शिवणकाम : नूरबानो, रोहा’ अशी अक्षरं सरकली की सुमय्या टाळ्या वाजवी.

घोळ झाला तो पाचव्याला. रोह्याच्या बायका पाठीवर हुक लावून घेत नाहीत. सकाळच्या धांदलीत मागचे हुक लावायला येणार कोण? चाळीस वर्षं समोर हुक लावणाऱ्या हाताने त्या आंबा रंगाच्या ब्लाउजलाही ते समोरच लावले, आणि हे तिच्या ध्यानात आलं तोवर चित्रीकरणाचा गाडीवाला रितेश पुडकं घेऊन गेला होता. रात्रभर ती तळमळली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, होईल ते होईल म्हणून, तिने ऋतुजाला फोन लावला.

“खाला, मीच करणार होते फोन,” ऋतुजाच आधी बोलली. “पाठीवरचे हुक काय देखणे बसलेत!”

नूरबानोने चूक न सांगताच फोन ठेवला. पुढे तो भाग लागला तेव्हा नायिका खिडकीकडे वळली आणि आंबा रंगाच्या पाठीवर पाच हुक एका रेषेत दिसले.

“बगा अम्मी, उगाच घाबरलात तुम्ही,” सुमय्या म्हणाली.

पण समोरची पट्टी मिटवून पाठ उघडायची म्हणजे अख्खा ब्लाउज नव्याने शिवायला हवा, हे सुमय्याला कळत नसलं तरी नूरबानोला कळत होतं. बंगल्यावर कुणीतरी आयत्या बिळावर नागोबा होऊन बसलंय, अशी तिची खात्री झाली, आणि भीतीपेक्षा तिला संतापच जास्त आला. सहावा ब्लाउज पांढरा होता. तिने मुद्दाम त्याची एक बाही कोपरापर्यंत ठेवली, दुसरी थेट मनगटापर्यंत, आणि सकाळीच रितेशच्या हातात दिला. दुपारी ऋतुजाचा निरोप आला : आजवरचा सगळ्यांत सुंदर.

नूरबानो रिक्षा करून बंगल्यावर गेली. पांढरा ब्लाउज हँगरला लटकत होता, दोन्ही बाह्या कोपराशी थांबलेल्या. तिने कड उलटवून पाहिली. टाके उलट्या बाजूला कललेले होते. हात तिचाच होता, फक्त जरा जास्त चांगला.

“हा कुणी आणला?”

“काय खाला, चेष्टा करता?” ऋतुजा हसली. “तुम्हीच नाही का मघाशी येऊन गेलात? गाडीतून आलेला टाकून दे, तो चुकलाय म्हणालात. मागच्या वेळेसारखंच.” तिने कोपऱ्यातल्या टोपलीकडे बोट दाखवलं. टोपलीबाहेर एक लांब पांढरी बाही लोंबत होती.

नूरबानोने डोक्यावरचा पदर घट्ट केला. “नाव माझं हाय,” ती म्हणाली, आणि जी कुणी असेल तिच्या झिंज्या धरून जाब विचारायचा असं ठरवून तडक घरी निघाली.

दुपारची गल्ली सामसूम होती. घराचं दार आतून लावलेलं होतं आणि ओटीवरच्या दुकानात मशीन चालू होती. तिने कडी वाजवली. मशीन थांबली. सुमय्याने दार अर्धवट उघडलं आणि नव्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसं तिच्याकडे बघितलं.

“सुमय्या, आत कोण हाय?” नूरबानोने विचारलं.

सुमय्या काही बोलायच्या आधी आतून नूरबानोच्याच आवाजात हाक आली, “कोण आलंय गो?”

सुमय्याने तिला पायापासून डोक्यापर्यंत नीट न्याहाळलं.

“कोण नाय, अम्मी,” ती म्हणाली.