कोंद्रातला रंग मिळेना

कोट मीच जाळला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे दोष कुणाचा ते शोधत बसायला नको.

माझी संध्याकाळची प्रार्थना चालू होती आणि कोंद्रातचा ओला कोट मोठ्या चुलीवर वाळत पडला होता. मधेच जळकट वास आला. पण शंभर नमस्कारांतले एकसष्ट झाले होते, आणि एकदा उभं राहिलं की मधे थांबायचं नाही असा माझा नेम आहे. उरलेले एकोणचाळीस मी जरा घाईनं घातले, ते देवाला ठाऊक आहे. तोवर मेंढीच्या कातड्याची सगळी पाठ गेली होती. बाह्या तेवढ्या शाबूत.

कोंद्रात माझा नवरा. त्यानं भोकातून डोकं काढून माझ्याकडे बघितलं. "उस्तीन्या, नुसत्या बाह्या घालून बर्फावर बसू का आता?"

दुसऱ्या एखाद्या गावात कोट जळला की माणूस नवा कोट आणतो आणि विषय संपतो. आमच्या गावात तसं नाही. सरोवर गोठलं की आमचे पुरुष दोन-दोन मैल आत जाऊन, बर्फाला भोकं पाडून मासे धरत बसतात, आणि एवढ्या लांबून माणसाला ना तोंड असतं ना दाढी. असतो तो फक्त कोट. दिवस मावळताना आमच्या घरच्या एका बाईनं काठावर उभं राहून बर्फावरून परतणारे कोट मोजायचे, ही रीत. आधी सासूबाई मोजायच्या, अकरा हिवाळे झाले मी मोजते. हातात चामड्याची जपमाळ, कोट काठाला लागला की एक गाठ पुढे आणि एकदा देवाचं नाव. तेवीस माणसं, तेवीस गाठी. म्हणूनच एकासारखा दुसरा कोट आमच्यात चालत नाही. दोन केशरी कोट गेले आणि एकच परत आला, तर रडायचं कुणाच्या बायकोनं?

कोंद्रातचा कोट करपलेल्या साखरेच्या रंगाचा होता. तसा आता कुठे मिळत नाही. त्यातून कोंद्रातचं माप. आमच्या दारातून तो आडवा होऊन आत येतो.

बर्फ धरून तीन दिवस झाले होते. बाकी सगळे सरोवरावर, आणि कोंद्रात घरात. पहिल्या दिवशी त्यानं गिरमिटाला धार लावली. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावली. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातल्या पाण्याच्या पिंपात गळ सोडून समोर स्टूल घेऊन बसला, आणि मी पाणी घ्यायला गेले तर म्हणाला, "हळू चाल, बुजतात."

मी त्याला बसमध्ये घातलं आणि तार्तू शहरात नेलं.

दुकानातली मुलगी फार गोड होती. कोंद्रातला खालपासून वरपर्यंत बघून ती आत गेली आणि तीनच कोट घेऊन आली.

"तुमच्या मापात एवढेच आहेत. उणे चाळीसपर्यंत थंडी लागत नाही. पाण्यात पडलात तर तरंगतात. हा केशरी सगळ्यात जास्त खपतो."

"तो सव्वाती आहे," कोंद्रात म्हणाला.

"काय म्हणालात?"

"केशरी म्हणजे सव्वाती. मी हा घालून गेलो तर लोक मला सव्वाती समजतील. ते सहन करेन एक वेळ, पण त्याची बायको मला घरी नेईल आणि धुऊन काढेल."

मुलीनं केशरी कोट हळूच बाजूला ठेवला. "मग लाल?"

"लाल झिनोवी."

"हा पांढरा मग?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. पांढरा कुणीच नव्हतं.

"बर्फावर दिसेल का पण?" मी हळूच विचारलं.

कोंद्रातला ते लागलं. "अगं, मी माझ्या घरात मावत नाही. एवढा माणूस कुठल्याही रंगात दिसतो."

पांढरा घेतला.

दुसऱ्या दिवशी दिवस मावळताना मी काठावर उभी राहिले. केशरी आला, लाल आला, निळा, पिवळा, चौकडीचा, मोरपंखी, सगळे एकामागून एक आले. बावीस गाठी सरल्या. तेविसावी बोटात अडकून राहिली. सरोवर होतं तसंच होतं, रिकामं, पांढरं. मी डोळे पुसले, पुन्हा बघितलं, देवाचं नाव घेतलं, पुन्हा बघितलं. मग नझारी लाव्रेंतोविचला सांगितलं, "एक कमी आहे."

नझारी बर्फाचा मुखिया. त्यानं खांबाला टांगलेला लोखंडी रूळ बडवला. माणसं शिड्या, दोर, फळ्या घेऊन धावली. कंबरेला दोर बांधून, एकामागे एक अशी रांग करून सगळे बर्फावर उतरले. सर्वांत पुढे सव्वाती. मीही उतरले. अर्धा तास आम्ही हाका मारत फिरलो. कोंद्रात! कोंद्रात! भोकाभोकात काठ्या घातल्या.

शेवटी माझ्या मागून कुणीतरी विचारलं, "अरे, पण आपण शोधतोय कुणाला?"

"कोंद्रातला!" सव्वाती पुढून ओरडला.

"कोंद्रातला? तिकडे डावीकडे मी बघून आलो. तिकडे नाहीये तो."

सव्वाती थांबला. म्हणजे आम्ही सगळेच थांबलो, दोर एकच होता. मी मागे वळले. दोराच्या शेवटच्या टोकाला गाठ हवेत तरंगत होती आणि तिच्यावर माझ्या नवऱ्याची दाढी होती.

"तू कधीपासून आहेस इथं?" मी विचारलं.

"पहिल्यापासून. काठाला लागलो तर रूळ वाजला. म्हटलं, कुणीतरी गेलं बिचारं. दोर बांधला आणि आलो."

"मग हाका ऐकू आल्या नाहीत तुला?"

"आल्या ना. मीही मारत होतो. पुढून 'को' आणि 'त' ऐकू यायचं, मधलं वारा न्यायचा. मला वाटलं कोन्स्तान्तिन."

सव्वाती बर्फावर बसला. "आपल्या गावात कोन्स्तान्तिन नाहीये, बैला! तुझे वडील होते शेवटचे!"

"तेच मी म्हणत होतो मनात," कोंद्रात म्हणाला. "ते आता कसे हरवले?"

त्याच संध्याकाळी नझारीनं निकाल दिला. "रंग नाही, तर बर्फ नाही. मोजता येत नाही तो माणूस मी पाठवणार नाही. वसंतापर्यंत घरी बस, कोंद्रात."

कोंद्रात घरी येऊन बूट न काढता बाकावर बसला. चाळीस हिवाळे त्यानं एकही चुकवला नव्हता, लग्नाच्या दिवशीसुद्धा दुपारी जाऊन आला होता. जेवला नाही. पिंपाकडे बघितलंही नाही. ते मला फार लागलं, कारण कोट मी जाळला होता.

मी त्याच्या पांढऱ्या पाठीवर लाल पट्टा शिवला. सकाळी दारात झिनोवी.

"उस्तीन्या ताई, मी तुमच्या नवऱ्याच्या पाठीवर काय करतोय?"

पट्टा उसवला. निळा लावला, निळ्याची आई आली. ठिपके लावले तर कळलं की ठिपके धाकट्या मेलेन्तीसाठी राखून ठेवलेत, तो पुढच्या वर्षी मोठा होणार आहे. संध्याकाळी जाळ्यांच्या खोपटात सभा भरली आणि सगळ्यांनी मिळून रंग मोजले. शिल्लक एकही नव्हता.

"हिरवा?" कुणीतरी म्हणालं.

हिरवा म्हणजे येव्सेई आजोबा. वय अठ्ठ्याऐंशी. गेले नऊ हिवाळे ते बर्फावर गेलेले नाहीत, पाय चालत नाहीत. पण रोज दिवस मावळताना हिरवा कोट घालून खिडकीत बसतात, आणि मी तेवीसातली एक गाठ त्यांच्या नावानं सोडते. नाही सोडली तर काठीनं काच वाजवतात.

"तू जा, उस्तीन्या," नझारी म्हणाला. "तुझं ऐकतील."

मी कांदा भरलेले पाव घेऊन गेले. आजोबांनी ते हुंगले, बाजूला ठेवले.

"मी मेलोय का?"

"नाही हो, आजोबा."

"मग माझा रंग मागायला कशाला आलीस? तुझ्या त्या रेड्याला सांग, मी गेलो की घे. थांबायला सांग."

"किती थांबायचं, आजोबा?"

हे माझ्या तोंडून कसं गेलं मला माहीत नाही. मी लगेच क्षमा मागितली. आजोबा मात्र हसायला लागले, इतके की चहाच्या समोवारावरची कपबशी हलली.

"तुझ्या नवऱ्याला दिसायला रंग हवा. मला जायला पाय हवेत. घसरगाडी आहे ना तुमच्याकडे? मी बसतो, तो ढकलेल. जिथं हिरवा, तिथं त्याच्या मागे पांढरा. मोज मग खुशाल."

नझारीनं रात्रभर विचार केला आणि नियमात बसतं म्हणून सांगितलं. सव्वाती म्हणाला, "आणि म्हातारा थंडीनं तिथंच गेला तर?"

"तरी हिरवाच राहील," नझारी म्हणाला. "मोजणीत फरक पडत नाही."

मला पडत होता. हिरवा कोट वीस वर्षांचा, नऊ वर्षं खिडकीतल्या उन्हात विटलेला, आतली लोकर कसरीनं खाल्लेली. वरून गोधडी घालावी तर हिरवा झाकला जातो. म्हणजे जे काय घालायचं ते सगळं आतून. आजोबांना मी तीन स्वेटर घातले, त्यावर त्यांच्या सुनेची लोकरी शाल, त्यावर कोंद्रातची विजार काखेपर्यंत. कोट मिटेना. मग त्याच्या दोन्ही बाजू उसवून मधे जुन्या हिरव्या पडद्याच्या पट्ट्या घातल्या. आजोबांचे हात अंगाला लागेनासे झाले. ते सरळ पुढे धरून बसले.

"गळ कसा धरणार हो?" मी विचारलं.

"धरायला तो आहे. मी सांगायला जातोय."

सकाळी दोघे निघाले. कोंद्रातला मी इतका घाबरलेला कधी पाहिला नव्हता.

दिवसभर मी प्रार्थनाच म्हणत राहिले. संध्याकाळी काठावर गेले. केशरी, लाल, निळा, एकेक येत गेला. एकवीस झाले. मग खूप वेळ कुणीच नाही. वारा जमिनीकडून सरोवराकडे सुटला होता, माझ्या पाठीवर आदळत होता.

आणि मग लांबवर हिरवा दिसला.

तो बसूनच येत होता. बर्फावरून, हात पुढे धरून, थेट माझ्याकडे, सरळ रेषेत. मागे काही नाही. नुसतं पांढरं. सव्वाती माझ्या शेजारी येऊन उभा राहिला आणि त्यानं दोनदा क्रूसाची खूण केली.

"ढकलतंय कोण त्याला?"

मी बघत राहिले. हिरव्याची गाठ सोडली. पुढची बोटात धरली. दिसत तर कुणी नव्हतं. पण म्हाताऱ्याचे पाय चालत नव्हते, आणि वारा त्याच्या समोरून होता. मी देवाचं नाव घेतलं आणि तीही गाठ सोडून दिली.

"बघितल्याशिवाय?" सव्वाती म्हणाला.

"येतोय तो," मी म्हटलं.

घसरगाडी काठाला लागली. आजोबांच्या मांडीवर बारा मोठे मासे होते आणि दाढीला बर्फाच्या लोंब्या. त्यांच्या मागून कोंद्रातचं लालबुंद तोंड वर आलं. त्याच्या अंगातून वाफ निघत होती.

"उस्तीन्या," तो कुजबुजला, "यांनी मला सतरा भोकं पाडायला लावली. एकसुद्धा आवडेना."

"अठराव्यात मासा होता की नाही?" आजोबा समोर बघतच म्हणाले. "उद्या उजाडायच्या आत निघायचं. आणि ए पोरी, याला काहीतरी पातळ घाल. मागून ढकलताना इतका घाम गाळतो, माझ्या मानेला ओल येते."