गोळी घेतली काय?

रोज संध्याकाळी आठ वाजले की किन्हीराजा गावातल्या त्या घरात राजूचा मोबाईल वाजायचा आणि घरातला प्रत्येक जण सुनेला एकच प्रश्न विचारायचा, "हेमला, गोयी घेतली काय?"

किती ही काळजी! माणसं वाईट नव्हतीच मुळी. हेमलाचा मोडलेला पाय दीड महिना प्लास्टरात होता, तेव्हा पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली. वाशीमच्या डॉक्टरांनी रक्त पातळ करायची गोळी दिली आणि तिच्या नवऱ्याला, राजूला, बजावलं, "रोज आठ वाजता, संध्याकाळच्या पोटभर जेवणासोबतच द्यायची. पोटात अन्न असलं तरच ती रक्तात नीट उतरते. उपाशीपोटी घेतली तर बरंचसं औषध वाया जातं." राजूने वेळ तेवढी लक्षात ठेवली. दाराशी उभ्या हेमलाने मात्र सगळं ऐकलं होतं.

पण त्या घरात पुरुषांच्या आधी बाईने घास घ्यायचा नाही, आणि सासरे पुंजाजी मंदिरातून यायचे साडेनऊला. हेमलाने एकदा धीर केला. चुलीपाशी चतकोर भाकर वरणात कुस्करली, पहिला घास उचलला, तोच सासू दारात.

"मानसं उपाशी अन् तू खाऊन राह्यली?" गोजराबाई म्हणाल्या.

"गोयी जेवूनच घ्या लागते म्हणे, आत्याबाई."

"आमी जलमभर मानसायच्या मांगंच जेवलो. मेलो काय?"

हेमलाने घास परत ताटात ठेवला. त्यानंतर ती रोज नुसत्या पाण्यासोबत गोळी घेई आणि "हो, घेतली" म्हणे.

गोळी सुरू झाल्यापासून तेविसाव्या दिवशी सकाळी धुणं वाळत घालताना तिला दम लागला. वाशीमला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. पायातली गाठ फुफ्फुसात गेली होती.

"गोळी चुकली का कधी?" डॉक्टरांनी विचारलं.

"एक दिवस नाही, साहेब. मोबाईलले अलारम लावला होता," राजू म्हणाला.

"जेवणासोबत?"

राजूने आईकडे पाहिलं.

अलार्म राजूने अजून बंद केलेला नाही. हात धजत नाही. तो वाजला की गोजराबाईंना वाटतं, चुलीपाशी कुणीतरी घास परत ताटात ठेवला. त्या दचकून वळतात. तिथे कुणी नसतं.

परवाही तसाच वाजला. गोजराबाईंनी भाकर-वरण वाढलं आणि हेमलाच्या सहा वर्षांच्या मुलीला, निकिताला, हाक मारली.

"ये माय, जेवून घे."

पोर जागची हलली नाही. "आबा जेवले नाही अजून."

हे पोरीला कुणी शिकवलं? गोजराबाईंनीच! नातीला ओढून त्यांनी मांडीवर घेतलं, पहिला घास तिच्या तोंडात घातला, दुसरा स्वतःच्या.

तेवढ्यात पुंजाजी आले. सून गेल्यापासून ते मंदिरात रेंगाळत नाहीत. पाय धुऊन बसत म्हणाले, "आण वाढून."

"बाया जेवून राह्यल्या," गोजराबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. "थांबा थोडकं."

पुंजाजींनी बोलायला तोंड उघडलं. मग खुंटीवरच्या हेमलाच्या गोळ्यांच्या पिशवीकडे त्यांची नजर गेली, आणि नातीचं ताट रिकामं होईपर्यंत ते गुमान बसून राहिले.