दही लागेपर्यंत

मुकुंदरावांनी करंगळी दुधात बुडवून पाहिली. कोमट होतं. चमचाभर विरजण घालून त्यांनी हलक्या हाताने ढवळलं, वर ताटली झाकली आणि पातेलं ओट्याच्या कोपऱ्यात सरकवलं. दाराशी त्यांची बॅग भरून उभी होती. मुलगा हिमांशू गाडीत पेट्रोल भरायला गेला होता. तो आला की पुण्याला निघायचं, आणि मुकुंदरावांनी आता तिथेच राहायचं.

ठरवलं त्यांनीच होतं. पत्नी भानुमतीबाई गेल्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून सिडकोतल्या या घरात दिवसभरात कानावर पडणारा माणसाचा आवाज म्हणजे कामाच्या सारजाबाईंचा, तोही तासभर. एकटेपणाला ते अगदी विटून गेले होते.

तीस वर्षं त्यांनी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं. निर्णय म्हणजे काय, हेतू म्हणजे काय, यावर तासन् तास बोलायचे. भानुमतीबाई तेवढंच एका वाक्यात उरकायच्या, "तुमचं ठरतं खूप, मनात कुठे असतं?" विरजण त्यांचंच. लग्नानंतर पैठणहून, माहेरून वाटीत आणलेलं. कालच्या दह्यातून आजचं, असं चाळीस वर्षं चालत आलेलं.

सारजाबाई किल्ली न्यायला आल्या. किल्ली पदराच्या टोकाला बांधून त्यांनी गॅस बंद आहे ना ते पाहिलं, आणि ताटली उचलली.

"सर, इरजण लावलं? आज?"

"सवय हो. हात आपोआप चालतात."

"व्हय." सारजाबाईंनी ताटली परत झाकली. "पर दूध तर कालपासून बंद केलं ना तुम्ही? मंग हे कुठून आलं?"

मुकुंदरावांनी फडक्याने ओटा पुसायला घेतला. सकाळी सहाला, गुडघा ठणकत असताना, ते पिशवी घेऊन मुकुंदवाडीच्या डेअरीपर्यंत चालत गेले होते. हे कशासाठी, असं वाटेत स्वतःला एकदाही विचारलं नव्हतं. विचारायचं धाडस झालं नव्हतं, हे खरं.

हिमांशू आला आणि त्याने बॅग उचलली.

"चला बाबा. काही राहिलं नाही ना?"

"दही लागायचंय."

"म्हणजे?"

"आत्ताच विरजलंय. दुपारपर्यंत हलवता यायचं नाही."

"बाबा, आपलं ठरलंय ना?"

"ठरलंय रे," मुकुंदराव म्हणाले आणि स्टूल ओढून पातेल्यापाशी बसले. उद्यापासून पुन्हा त्याच भिंती, हे त्यांना ठाऊक होतं. त्याची भीतीही वाटत होती. तरी ते उठले नाहीत.

हिमांशूने सारजाबाईंकडे पाहिलं. त्या खाली मान घालून पदराची गाठ सोडत होत्या. किल्ली त्यांनी दारामागच्या खिळ्याला परत अडकवली.